नोहाला दिलेले वचन आणि चढता समुद्र

प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला तुवालू हा नऊ बेटांचा देश आहे. एकूण जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर, लोकवस्ती साधारण ११ हजार, आणि सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून पाच मीटरांच्या आत. राजधानी फुनाफुती हे कंकणद्वीप आहे: मधल्या उथळ सरोवराभोवती प्रवाळाच्या चुऱ्याची अरुंद पट्टी, काही ठिकाणी तर सरोवर आणि महासागर यांच्यामध्ये जेमतेम रस्ता मावतो. वर्षाच्या सुरुवातीच्या मोठ्या उधाणांत पाणी किनारा ओलांडून येतेच, शिवाय सच्छिद्र प्रवाळातून जमिनीखालूनही वर चढते आणि अंगणांत तळी साचतात.

या देशाचे संविधान ख्रिस्ती तत्त्वे, कायद्याचे राज्य आणि तुवालूच्या चालीरीती यांना राष्ट्राचा पाया मानते. बहुसंख्य नागरिक ‘एकालेसिया केलिसियानो तुवालू’ या एकाच मंडळीचे सभासद आहेत. समुद्र चढतो आहे असे शास्त्रज्ञ सांगू लागले, तेव्हा इथल्या अनेकांनी दिलेले उत्तर पवित्र शास्त्रातून आले: पृथ्वी पुन्हा पुराने बुडवणार नाही असे देवाने नोहाला वचन दिले आहे, आणि देव वचन मोडत नाही. शेजारच्या किरिबाटीत आणि प्रशांत महासागरातल्या इतर बेटांवरही हेच उत्तर ऐकू येते.

हवामानबदलाच्या चर्चेत या उत्तराची बोळवण बहुधा अंधश्रद्धा म्हणून होते. तेवढ्याने त्यामागचे प्रश्न मिटत नाहीत. संकट कोसळते तेव्हा त्याचा कर्ता कोणाला मानायचे: देवाला, निसर्गाला की माणसाला? ज्याच्यावर ते कोसळते त्याचा त्यात काही दोष असतो का? आणि कर्ता दुसराच कोणी असेल तर त्याने काय देणे लागते? बेटांवरच्या धर्मचिंतनात गेल्या दोन-तीन दशकांत या प्रश्नांची जी उलटतपासणी झाली, तिने आपत्तीचा विचारच वेगळ्या पायावर उभा केला आहे.

करार आणि त्यावरचा विश्वास

‘उत्पत्ती’च्या पुस्तकातली कथा अशी. माणसांची दुष्टाई वाढली म्हणून देवाने जलप्रलय धाडला. नोहा, त्याचे कुटुंब आणि प्राण्यांच्या जोड्या तेवढ्या तारवात वाचल्या. पाणी ओसरल्यावर देवाने करार केला की पुराने पृथ्वीचा नाश पुन्हा होणार नाही, आणि ढगांतले धनुष्य ही त्याची खूण ठरवली. या करारातल्या दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. तो बिनशर्त आहे. माणूस अमुक रीतीने वागला तरच, असे कलम त्यात नाही. आणि तो एकट्या माणसाशी नाही, तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जीवाशी आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी शतपथ ब्राह्मणातला मनू, त्याची नाव आणि ती ओढणारा मासा आठवेल. मात्र पुराणांच्या कालगणनेत प्रलय हा कल्पाच्या चक्राचा भाग आहे. तो होऊन गेला आणि पुन्हा होणार आहे. नोहाच्या कथेत पूर एकदाच येतो आणि त्यानंतर इतिहास एका शब्दावर उभा राहतो. त्यामुळे समुद्र चढतो आहे ही बातमी इथे हवामानापुरती राहत नाही, ती देवाच्या विश्वासार्हतेपर्यंत जाऊन भिडते.

हा धर्म तुवालूत बाहेरून आला खरा, पण त्याची सुरुवात बेटकऱ्यानेच केली. १८६१ साली कुक बेटांतल्या मनिहिकीचा एलेकाना नावाचा मंडळीचा सेवक वादळात भरकटला आणि कित्येक आठवडे होडीत काढून नुकुलाएलाए बेटाला लागला; त्याने तिथे शिकवायला सुरुवात केली. १८६५ पासून लंडन मिशनरी सोसायटीने पाठवलेले बहुतेक पाळक सामोआचे होते. मधल्या काळात, १८६३ साली, पेरूच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी नुकुलाएलाए आणि फुनाफुतीवरून शेकडो माणसे पळवून नेली. अशा पडझडीत मंडळी ही गावाला धरून ठेवणारी संस्था झाली. आजही वादळाची सूचना, आसरा, धान्यवाटप आणि नंतरची डागडुजी यांत चर्चची इमारत आणि पाळकाचा शब्द यांना मोठे स्थान आहे. म्हणून करारावरचा विश्वास ही केवळ खाजगी श्रद्धा राहत नाही. गावाने काय करायचे यावर तिचा परिणाम होतो.

कोलेट मॉर्ट्रू आणि जॉन बार्नेट यांचा फुनाफुतीवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हवामानबदलामुळे देश सोडण्याचा विचार तिथल्या बहुतेकांच्या मनात नव्हता. जीवनपद्धती, नाती आणि जमीन ही त्यांची कारणे होती, आणि काहींनी नोहाच्या कराराचा हवाला दिला होता. या हवाल्याला दोन बाजू आहेत. एकीकडे तो तयारी लांबणीवर टाकायला निमित्त देतो. दुसरीकडे, बाहेरचे लोक ज्यांना ‘बुडणारी माणसे’ म्हणून पाहायला येतात, त्यांनी ते लेबल नाकारण्याचा तो मार्ग असतो. ज्या मृत्युलेखात आपले मत कोणी विचारले नाही, त्यावर सही करायला दिलेला तो नकार आहे.

या नकाराला भूगोलाचाही काही आधार आहे. पॉल केंच आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली जुनी हवाई छायाचित्रे आणि उपग्रहचित्रे ताडून पाहिली, तेव्हा १९७१ ते २०१४ या काळात तुवालूची एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली आढळली. लाटा प्रवाळाचा चुरा आणून टाकतात, बेटे सरकतात, काही वाढतात, काही झिजतात. मात्र जमीन उरणे आणि जगता येणे या निराळ्या गोष्टी आहेत. कंकणद्वीपावर पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरात तरंगते. तो थर खारावला की विहिरी निकामी होतात आणि ‘पुलाका’ या अळूच्या जातीच्या कंदाचे खड्डे कुजतात. २०११ साली पाऊस न झाल्याने तुवालूला पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. मार्च २०१५ मध्ये पॅम चक्रीवादळ शेकडो किलोमीटर दुरून गेले, तरी त्याच्या लाटांनी तुवालूच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येला घराबाहेर काढले. येत्या तीस वर्षांत तुवालू, किरिबाटी आणि फिजी यांच्याभोवती समुद्र किमान १५ सेंटिमीटर चढेल, असा नासाचा अंदाज आहे. बेट नकाशावर राहील आणि तरी घर राहणार नाही, अशी ही शक्यता आहे.

शिक्षा, निसर्ग आणि दोष

संकटाच्या कर्त्याविषयीचा वाद बेटांपुरता नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप, त्सुनामी आणि आग यांनी हाहाकार केला. हे जग देवाने निर्माण केलेल्या शक्य जगांपैकी सर्वोत्तम आहे, या मताची व्हॉल्तेअरने त्यावर कविता लिहून खिल्ली उडवली. १७५६ साली रूसोने त्याला पत्रातून उत्तर दिले, आणि त्यातला एक मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला: सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे त्या जागी दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती. देवाला दोष देण्याआधी माणसाने काय बांधले ते पाहा, असा त्याचा रोख होता.

भारतात हाच वाद १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर झाला. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्याला जाहीर हरकत घेतली: भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, नैतिक तत्त्वांचा विश्वाच्या घडामोडींशी असा सांधा जोडला तर तोच युक्तिवाद विरोधकही वापरू शकतील. तसे झालेही, अस्पृश्यता मोडायला निघालेल्यांमुळेच भूकंप झाला, असे सनातनी म्हणू लागले. गांधींच्या बाजूनेही एक गोष्ट खरी होती. शिक्षेची भाषा ते सवर्ण समाजाला उद्देशून वापरत होते, आणि तिचा उपयोग कृतीला प्रवृत्त करण्यासाठी होता. पण ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्यांत सवर्ण होते तसे अस्पृश्यही होते, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला तेही त्याच शिक्षेत कसे सापडले याचे उत्तर त्या मतात नव्हते.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन चक्रीवादळाने फिजीत ४४ बळी घेतले, तेव्हा अनेक गावांत हीच भाषा पुन्हा आली: मंडळीत ढिलाई आली, शब्बाथ पाळला गेला नाही, म्हणून देवाने वादळ धाडले. या स्पष्टीकरणातही एक दिलासा असतो. दोष आपला असेल तर पश्चात्तापही आपल्या हाती असतो. संकट निरर्थक राहत नाही. पण त्याची किंमत विलक्षण आहे. प्रशांत महासागरातल्या सगळ्या बेटराष्ट्रांचा जगाच्या कार्बन उत्सर्जनातला वाटा एका टक्क्याच्याही अगदी लहान अंशाइतका आहे. इतरांच्या कोळशाने आणि तेलाने तापलेल्या समुद्रावर पोसलेली वादळे आली की ज्यांचा दोष सर्वांत कमी तेच गुडघे टेकून क्षमा मागतात.

निसर्गाला कर्ता मानणारे स्पष्टीकरणही या बाबतीत फारसे वेगळे नाही. ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हटले की कोणाकडे बोट दाखवायचे कारण उरत नाही. दोन्ही स्पष्टीकरणांत माणसांचा एक मोठा गट सुखरूप नजरेआड होतो: ज्यांच्या निर्णयांमुळे धोका वाढला तो.

आपत्तिप्रवणता कशी घडते

१९७६ साली फिल ओ’कीफ, केन वेस्टगेट आणि बेन विस्नर यांनी ‘नेचर’मध्ये आपत्तींतला ‘नैसर्गिक’पणा काढून टाकावा असे मांडले. वादळ किंवा भूकंप हा धोका. आपत्ती तेव्हा होते जेव्हा तो धोका कमकुवत केल्या गेलेल्या समाजावर येऊन आदळतो. रूसोचाच मुद्दा, पण आता दारिद्र्य, सत्ता आणि वसाहतवाद यांच्या संदर्भात.

लहान बेट म्हणजे आपोआप दुबळे बेट, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. डिसेंबर २००२ मध्ये झोई हे अतितीव्र चक्रीवादळ सॉलोमन बेटांतल्या टिकोपिया या छोट्या, एकाकी बेटावर धडकले. घरे, बागा, झाडे गेली. कित्येक दिवस बाहेरच्या जगाशी संपर्क नव्हता आणि मोठ्या जीवितहानीची भीती व्यक्त होत होती. मदत पोहोचली तेव्हा कळले की एकही माणूस दगावला नव्हता. वादळात कोणत्या खडकाखाली आसरा घ्यायचा हे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. टोंगन लेखक एपेली हौओफा यांनी १९९३ साली ‘अवर सी ऑफ आयलंड्स’ या निबंधात हीच गोष्ट तत्त्वाच्या पातळीवर मांडली. बेटांचे लोक समुद्राला सरहद्द मानत नव्हते, तो त्यांच्या जगाचा भाग होता. नाती, देवघेव आणि प्रवास यांचे जाळे त्यावर पसरले होते. वसाहतींच्या सीमारेषांनी ते तोडले, आणि उरलेल्या तुकड्यांना मग ‘लहान’ आणि ‘परावलंबी’ म्हटले गेले.

तुकडे कसे कमकुवत केले गेले याची उदाहरणे ठोस आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने फुनाफुतीवर धावपट्टी बांधली. पुलाकाचे कितीतरी खड्डे तिच्याखाली गेले, आणि भरावासाठी प्रवाळ खणून काढल्याने झालेले खड्डे सत्तरएक वर्षे खाऱ्या पाण्याने आणि कचऱ्याने भरलेले राहिले. न्यूझीलंडच्या मदतीने ते २०१५ साली बुजवले गेले. उधाणाचे पाणी फुनाफुतीत शिरते तेव्हा ते अशा पोखरलेल्या जमिनीत शिरत असते.

किरिबाटीतले बनाबा हे बेट याहून बोलके आहे. कंकणद्वीपांच्या या देशात समुद्रापासून ८० मीटरांहून उंच उठलेले ते एकमेव बेट. चढत्या समुद्रातही जिथे पाय ठेवायला जागा उरली असती, ते नेमके हेच होते. १९०० पासून १९७९ पर्यंत तिथले फॉस्फेट खणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना खत म्हणून पुरवले गेले, बेटाचा बहुतेक पृष्ठभाग खरवडला गेला, आणि १९४५ च्या डिसेंबरात बनाबाच्या लोकांना फिजीतल्या राबी बेटावर नेऊन उतरवण्यात आले.

मार्शल बेटांतल्या बिकिनीची कथा धर्माच्या प्रश्नाला थेट भिडते. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी नौदलाचे अधिकारी बेन वायट रविवारच्या उपासनेनंतर बेटकऱ्यांना भेटले. वायट यांनी त्यांची तुलना इस्राएलच्या लोकांशी केली आणि मानवजातीच्या कल्याणासाठी बेट सोडण्याची विनंती केली. प्रमुख जुदा यांनी सगळे देवाच्या हाती असल्याचे सांगून संमती दिली. १६७ लोक दुसऱ्या बेटावर गेले, आणि १९५८ पर्यंत बिकिनीवर २३ अण्वस्त्र चाचण्या झाल्या. पवित्र कथा ज्यांच्या श्रद्धेचा विषय होती, त्यांनाच बेघर करण्यासाठी ती वापरली गेली. पुढे बेटांवरच्या धर्मचिंतकांनी शास्त्रवचनांचा अर्थ कोण लावतो या प्रश्नाला इतके महत्त्व का दिले, हे अशा इतिहासावरून समजते.

कराराचे पुनर्वाचन

मार्च २००४ मध्ये किरिबाटीतल्या तरावा बेटावर प्रशांत महासागरातील मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि ‘ओतिन ताई’ घोषणापत्र निघाले. हवामानबदल माणसाच्या कृतीने होतो आहे आणि त्याला सामोरे जाणे हे मंडळ्यांचे काम आहे, हे त्यात स्पष्टपणे स्वीकारले गेले. १९६६ साली स्थापन झालेली पॅसिफिक कॉन्फरन्स ऑफ चर्चेस ही संस्था, आणि तुवालूच्या मंडळीतले ताफुए लुसामा, माइना तालिया यांच्यासारखे धर्मचिंतक पुढे हा विचार नेत राहिले. तालिया २०२४ मध्ये तुवालूचे हवामानमंत्री झाले.

या विचाराने करार रद्द केला नाही. त्याचे वाचन बदलले. वचन देवाने आपल्यावर घालून घेतलेले बंधन आहे: तो पूर धाडणार नाही. माणूस पूर आणणार नाही, अशी हमी त्यात कुठेच नाही. त्यामुळे पाणी चढताना दिसले म्हणून देव खोटा ठरत नाही, आणि देव खरा आहे म्हणून पाणी चढत नाही असेही होत नाही. शिवाय करार सर्व जीवांशी असल्याने जे लोक हवा तापवून जीवसृष्टी धोक्यात आणतात ते त्या कराराच्या विरोधात उभे राहतात. अशा रीतीने पापाची कल्पना टिकून राहते, पण तिचा पत्ता बदलतो.

भूगोलाच्या अभ्यासक हॅना फेअर यांनी २०१८ साली बेटांवर नोहाच्या कथेची तीन वेगवेगळी वाचने नोंदवली. एकात धनुष्याचे आश्वासन मध्यभागी असते. दुसऱ्यात नोहा हा इशारा ऐकून वेळेत तारू बांधणारा शहाणा माणूस ठरतो, आणि म्हणून तयारी हीच श्रद्धा. तिसरे वाचन सर्वांत अस्वस्थ करणारे आहे: त्यात बेटकरी तारवाच्या बाहेर आहेत, त्यांचा काही अपराध नसताना. मूळ कथेत बाहेर राहिलेले दोषी होते. या वाचनात आत बसलेल्यांकडे संशयाने पाहिले जाते.

या पुनर्वाचनाला आधीपासून घडत आलेल्या देशी धर्मविचाराचा आधार होता. टोंगाचे सिओने अमानाकी हविआ यांनी १९८० च्या दशकात ‘नारळाचे धर्मशास्त्र’ मांडले: ख्रिस्त या बेटांवर जन्मला असता तर प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षरसाऐवजी नारळाचा मगज आणि पाणी असते. सामोआचे आमामालेले तोफाएओनो यांनी २००० साली सृष्टीकडे एकाच कुटुंबाचे घर म्हणून पाहिले. फिजीचे इलाइतिया तुवेरे यांनी २००२ साली जमीन, माणसे आणि पूर्वज यांच्या अभेद्य नात्यावर ईश्वरविचार उभारला. अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली पर्यावरणाच्या अरिष्टाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मातल्या माणसाच्या प्रभुत्वाच्या कल्पनेत आहे, असा आरोप केला होता. बेटांवरचे धर्मचिंतन या आरोपाला आतून दिलेले उत्तर आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीची हानी आणि गरिबांची हलाखी यांना एकत्र जोडले, त्याआधी बरीच वर्षे बेटांवर ही जोडणी झाली होती.

या मांडणीवर श्रद्धावंतांकडूनच एक आक्षेप येतो. सगळे माणसावर सोपवले तर देवाला काय काम उरले? धर्म मग नीतिशिक्षणाचे दुसरे नाव होत नाही का? त्यावर धर्मचिंतकांचा खुलासा असा की वचनाचा उपयोग संकटाचे भाकीत करण्यासाठी नाही. नाश हा देवाचा हेतू नाही, एवढेच ते सांगते; म्हणून नाशाला ‘दैवी इच्छा’ म्हणून मान तुकवायचे कारण उरत नाही. ईयोबाच्या पुस्तकातही मित्र पुन्हा पुन्हा सांगतात की तू काहीतरी पाप केले असशील, ईयोब ते कबूल करत नाही, आणि अखेरीस देव त्या मित्रांनाच चूक ठरवतो.

जमीन, पूर्वज आणि जाणे

स्थलांतर हा उपाय कागदावर सोपा दिसतो. जिथे कबरी घरासमोरच असतात, कुळाचे नाव जमिनीच्या तुकड्याला जोडलेले असते आणि जमीन विकायची नसून सांभाळायची असते, तिथे बेट सोडणे म्हणजे जिवंतांबरोबर मृतांचाही प्रश्न असतो. फिजीत वानुआ लेवू बेटावरच्या वुनिदोगोलोआ गावाने २०१४ साली समुद्राला कंटाळून सुमारे दोन किलोमीटर आत नवी वस्ती केली. गावकऱ्यांनी तिचे नाव ‘केनानी’ ठेवले, म्हणजे कनान, वचनदत्त देश. बिकिनीत परक्यांनी वापरलेली निर्गमनाची कथा इथे लोकांनी स्वतः निवडली. फरक कथेत नव्हता, निर्णय कोणाचा यात होता. पापुआ न्यू गिनीच्या कार्टरेट बेटांतल्या वडीलधाऱ्यांनी २००६ साली ‘तुलेले पेइसा’ ही संस्था काढून आपल्या स्थलांतराचा आराखडा आपणच केला, आणि बुगनव्हिलवर वस्तीसाठी जमीन कॅथलिक चर्चने दिली.

किरिबाटीचे अध्यक्ष अनोटे टोंग यांनी ‘सन्मानाने स्थलांतर’ हे धोरण मांडले, आणि २०१४ साली त्यांच्या सरकारने फिजीत चर्च ऑफ इंग्लंडकडून जवळपास साडेपाच हजार एकर जमीन घेतली. त्या जमिनीवर एकेकाळी सॉलोमन बेटांतून मजुरीसाठी आणलेल्यांचे वंशज राहत होते, म्हणजे एका विस्थापनाची सोय दुसऱ्याच्या घरात होत होती. २०१६ साली अध्यक्षपदी आलेले तानेती मामाऊ यांनी देश सोडण्याची भाषाच नाकारली आणि श्रद्धेचा आधार घेत इथेच राहून विकास करण्याचे ठरवले. दोघेही श्रद्धाळू ख्रिस्ती, दोघांसमोर समुद्र तोच. एकाने वचनातून निघण्याची मुभा वाचली, दुसऱ्याने थांबण्याची.

तुवालूत हे दोन्ही एकाच वेळी दिसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या फालेपिली करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहता येते. २०२५ मधल्या पहिल्या सोडतीसाठी देशातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांची नावे आली. त्याच काळात फुनाफुतीच्या किनाऱ्याला सुमारे सात हेक्टर नवी, उंच जमीन भर घालून तयार केली गेली. २०२३ च्या घटनादुरुस्तीने जमीन गेली तरी राष्ट्र कायम राहील असे जाहीर केले. नाव नोंदवणारा माणूस अश्रद्ध झाला असे म्हणता येत नाही, आणि किनाऱ्याला भर घालणाराही. परतीचा रस्ता उघडा ठेवून जाणे आणि जाण्याची सोय करून राहणे, या दोन्हींना इथे श्रद्धेत जागा आहे.

देणे कोणाचे

१९९१ साली वानुआतूने लहान बेटराष्ट्रांच्या गटाच्या वतीने मागणी केली की चढत्या समुद्राने होणाऱ्या नुकसानीसाठी औद्योगिक देशांनी विम्याचा निधी उभारावा. ‘हानी आणि नुकसान’ यासाठी निधी काढायला जग तयार झाले ते २०२२ च्या हवामान परिषदेत. २०१९ साली युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या विद्यार्थ्यांनी मांडलेली कल्पना वानुआतूने संयुक्त राष्ट्रांत नेली, आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात सांगितले की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते.

या मागणीकडे मदत म्हणून पाहायचे की देणे म्हणून, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मदत दयेतून येते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. देणे अन्यायातून उगवते आणि त्यात मर्जीला जागा नसते. औद्योगिक देशांचा बचाव असा असतो की आधीच्या पिढ्यांना परिणाम माहीत नव्हते. त्याला उत्तर असे की त्या उत्सर्जनातून उभी राहिलेली संपत्ती आजच्या पिढीने वारशात स्वीकारली आहे, आणि किमान १९९० च्या दशकापासून तरी अजाणतेपणाचा दावा टिकत नाही. ख्रिस्ती परंपरेत क्षमेआधी कबुली येते, आणि कबुलीबरोबर परतफेड. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. तेव्हा कुठे त्याच्या घरी तारण आल्याचे सांगितले जाते. बेटांच्या मंडळ्या उत्तरेकडच्या ख्रिस्ती देशांसमोर हेच धरतात, कारण ते दोघांचेही शास्त्र आहे.

तरी भरपाईला मर्यादा आहे. घर, बाग, विहीर यांची किंमत करता येते. गोत्राची भूमी, पूर्वजांच्या कबरींशेजारी पुरले जाण्याचा हक्क, एखाद्या सरोवरातच अर्थ असलेले माशांचे आणि वाऱ्यांचे शब्द, यांची किंमत ठरवायला बसले की प्रश्नच चुकतो. म्हणून बेटांचा आग्रह आधी उत्सर्जन थांबवण्याचा असतो, मग राहता येईल तोवर राहण्याची साधने मिळण्याचा, मग जायचे तर स्वतः ठरवून जाण्याचा, आणि भरपाईचा क्रम त्यानंतर येतो. नोहाच्या कराराविषयीचा वाद शेवटी या क्रमाशी येऊन पोहोचतो. नाश ही देवाची इच्छा नाही असे एकदा मानले की तो पत्करण्याचे धार्मिक कारण संपते, आणि तो टाळण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे टाळण्याची शक्ती सर्वांत जास्त आहे त्यांच्यावर जाते.